भाड्याच्या खोलीची किल्ली

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी ५७ वर्षांची. माहेर सांगली जिल्ह्यातलं, लग्नानंतर ठाण्यात. यजमान एसटीतून निवृत्त झाले. मुलगा-सून दोघं नोकरीला जातात. दुपारी घर शांत असतं, तेव्हा दोन वर्षांपासून मी फोनवर गोष्टी वाचते. साध्या प्रेमकथाच. गावाकडून शहरात आलेली मुलगी, पहिली नोकरी, भाड्याची खोली, मग कोणीतरी भेटतो, गैरसमज होतात, शेवटी सगळं नीट होतं. आत्ता वाचत होते त्यातली मृण्मयी पहिल्या पगारातून पितळी कुलूप विकत आणते, कारण घरमालकिणीच्या कुलपाची दुसरी किल्ली मालकिणीकडेच असते. खोलीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. रात्री ती एकटीच पोळी-भाजी खाते आणि तिला फार बरं वाटतं. ज्याच्या ऑफिसात ती काम करते त्याच्याशी पुढे तिचं जमतं.*

*गेल्या महिन्यात पुढचे भाग वाचायला मी ४९ रुपये भरले. माझ्या फॉल-बिडिंगच्या पैशांतले. माझा फोन नीट करून देताना मुलानं तो मेसेज पाहिला. रविवारी पाहुणे जेवायला होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "आई, या वयात कॉलेजच्या पोरींच्या लव्हस्टोऱ्या वाचतेस?" सगळे हसले. यजमान म्हणाले, त्यापेक्षा ज्ञानेश्वरी घे हातात. त्याच रात्री मी ते ॲप काढून टाकलं. सून हसली नाही, पण भांडी आवरताना तिनं विचारलं, "आई, त्या गोष्टीचं नाव काय?" तीही चेष्टाच करत असणार. मी काही बोलले नाही.*

*मला याचं व्यसन लागलंय का? माझ्या वयाला हे शोभत नाही का? १९८७ साली मला एका कचेरीतून मुलाखतीचं पत्र आलं होतं, पण लग्न ठरलेलं होतं. ते पत्र अजून ट्रंकेत आहे. हे उगाच लिहिलं.*

*— एक वाचक, ठाणे*

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी परत वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. तालुक्याच्या गावी एका वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसले. पुस्तक परत करताना बाई त्यातलं नेमकं काय सांगते, याकडे माझा कान आपोआप जातो. तुम्ही मृण्मयीचं पितळी कुलूप सांगितलंत, ते तिनं का आणलं हेही सांगितलंत. खिडकीतून काय दिसतं, रात्री ती काय खाते, खाताना तिला कसं वाटतं, सगळं लिहिलंत. ज्याच्याशी तिचं जमतं त्याच्या वाट्याला एक ओळ आली. त्याचं नावसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही.

मुलाला वाटलं, आई लव्हस्टोरी वाचते. तुम्ही तर रोज दुपारी त्या खोलीत राहायला जात होतात.

पण तुम्हाला त्या नायकाचीच ओढ असती, तरी माझं उत्तर हेच असतं. सत्तावन्नाव्या वर्षी प्रेमाची गोष्ट वाचून जीव हलला, तर त्यात लपवण्यासारखं काहीही नाही. साठीतला माणूस हेरकथा वाचत बसतो तेव्हा त्याचं वय कोणी काढत नाही. बाईच्या हातात प्रेमकथा दिसली की मात्र तिचं वय, नातवंडं आणि देवघर सगळं एकदम आठवतं. त्या रविवारी पाहुण्यांसमोर जे झालं ते चुकीचं झालं. तुम्ही ते पोटात घालून ॲप काढून टाकलंत, याचं मला वाईट वाटलं.

आता माझ्याकडून घडलेली एक चूक सांगते. नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि लोकांना 'चांगलं' वाचायला लावायचं असं मनाशी ठरवून बसले होते. एक बाई दर आठवड्याला मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवायची: 'चांगली कादंबरी द्या. रडकी नको.' मी तिला एक नावाजलेली, जाडजूड, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दुःखानं भरलेली कादंबरी दिली. आठ दिवसांनी ती स्वतः आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, दुःख घरी आहे की. ते आणायला पोराला कशाला पाठवू?" पुढे महिनाभर चिठ्ठी आली नाही. त्या महिन्यात मला समजलं ते ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी 'रडकी नको' हे शब्द फार गंभीरपणे घेतले.

ती हलकीफुलकी पुस्तकं सगळ्यात लवकर फाटायची. वर्षाआड बांधणीला जायची, पुठ्ठा नवा, पाठीवर कापडी पट्टी. पानांवर हळदीची बोटं असायची. त्यावरून कळायचं, ही पुस्तकं फोडणी आणि कुकरच्या शिट्टीच्या मधल्या वेळात वाचली जातात. आपण हे वाचलंय ही खूण राहावी म्हणून कितीतरी जणी ठरावीक पानावर पेन्सिलीनं बारीक ठिपका, फुली, एखादं अक्षर काढून ठेवायच्या. एका कादंबरीच्या सत्ताविसाव्या पानावर मी अशा अकरा खुणा मोजल्या होत्या. नियमाप्रमाणे मी त्या खोडायला हव्या होत्या. मी खोडल्या नाहीत. त्या अकराजणी एकमेकींना ओळखतही नसतील, पण त्या पानावर त्या भेटत होत्या.

'वयाला शोभत नाही' हे वाक्य तुमच्या घरात जन्मलेलं नाही. ते फार जुनं आहे आणि वयाशी त्याचा संबंध थोडाच. आज ते सत्तावन्न वर्षांच्या बाईला सांगतात, पूर्वी सतरा वर्षांच्या मुलीला सांगायचे. १७७८ मध्ये इंग्लंडात फॅनी बर्नी नावाच्या तरुणीनं 'इव्हलिना' ही कादंबरी छापली. सतरा वर्षांची मुलगी खेड्यातून लंडनला येते, चारचौघांत कसं वागायचं ते चुकतमाकत शिकते आणि शेवटी तिचं मनाजोगतं लग्न होतं. पुस्तकाच्या उपशीर्षकाचा अर्थच आहे, 'एका तरुणीचा जगात प्रवेश'. तुमची मृण्मयी या इव्हलिनाच्या कुळातली. आणि ही कादंबरी लिहिणारीनं आपलं नाव छापलं नव्हतं. मुलीनं कादंबरी लिहिली हे तिच्या वडिलांनाही आधी माहीत नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या वर्षी, तिनं तोवर लिहिलेलं सगळं जाळून टाकलं होतं, कारण मुलीच्या जातीला हे बरं नव्हे असं तिच्या मनावर ठसलेलं होतं. तुम्ही ज्या रात्री ॲप काढलंत ती रात्र वाचताना मला तिची ती होळी आठवली.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? तुमच्याच जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा, लग्न नवव्या वर्षी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याच्या प्रोत्साहनानं आणि स्वतःच्या चिकाटीनं. मराठी, संस्कृत, इंग्रजी, तिन्ही. १९०३ मध्ये त्यांची 'रंगराव' ही कादंबरी पुस्तक म्हणून आली. तुमच्या माहेरच्या मातीतल्या एका बाईनं कादंबरी लिहिली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. तुम्ही कादंबरी वाचण्यासाठी कोणाची परवानगी मागावी असं मला वाटत नाही.

व्यसनाचं विचारलंत. ते तुमचं तुम्हालाच तपासता येईल. वाचनापायी रात्रीची झोप जाते का? पोळी करपते का? तुमच्याकडे फॉल लावायला आलेल्या साड्या पडून राहतात का? वाचून उठल्यावर हलकं वाटतं की चिडचिड होते? तुमच्या पत्रात मला झोपेचं काही दिसलं नाही, कामाचंही नाही. दिसली ती फक्त दुपार. तेव्हा माझ्या मते हे व्यसन नाही. एक मात्र लक्षात ठेवा. हे ॲप प्रत्येक भाग अशा जागी तोडतं की पुढचा उघडल्याशिवाय चैन पडू नये, कारण पुढच्या भागाचेच तर पैसे असतात. ती ओढ लागणं ही तुमच्या मनाची कमजोरी नाही, तशी रचनाच केलेली असते. म्हणून महिन्याला अमुक रुपये असं आधीच ठरवा, समजा शंभर, आणि संपले की पुढच्या महिन्याची वाट पाहा. अक्षर मोठं करून वाचा. हा खर्च कोणाला सांगायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. ४९ रुपये तुम्ही साडीच्या काठावर बोटं झिजवून मिळवलेत.

बायका अशा गोष्टी का वाचतात, यावर जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासकीनं १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. तिकडच्या एका ठिकाणच्या बायकांशी ती बोलली. गोष्टीत काय आहे याइतकंच त्या बायका वाचायला बसण्याबद्दल बोलल्या. पुस्तक हातात असलं की तेवढा वेळ आपण कोणाची आई नाही, बायको नाही, कोणी आपल्याला काही मागायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला माझ्या टेबलापलीकडच्या कितीजणींचे चेहरे दिसले. दुपारी दोन ते चार ही तुमच्या घरातली तुमची खोली आहे ताई. तिला कडी लावायचा तुम्हाला हक्क आहे.

आता या पुस्तकांची दुसरी बाजूही बोलते, कारण माझं त्यांच्यावर प्रेम आहे. यातली पुष्कळशी घाईत लिहिलेली असतात. पगार वीस तारखेला संपत नाही, खोलीचं डिपॉझिट कुठून आलं ते कधीच कळत नाही, लोकलमध्ये कोणाला घाम येत नाही. हे मी सोडून देते. एक गोष्ट मात्र सोडवत नाही. नायक बहुतेकदा साहेब असतो, पहिली शंभर पानं तो उद्धट वागतो, मुलगी 'नाही' म्हणाली तरी तिचा हात धरून ठेवतो, आणि लेखिका सांगते की हेच त्याचं प्रेम. खऱ्या ऑफिसात असं झालं तर ती तक्रारीची बाब आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते. अशा जागी आलात की थांबा आणि मनात म्हणा, हे बरोबर नाही. मग खुशाल पुढे वाचा. हे तुम्हाला जमेल याची मला खात्री आहे, कारण साहेबाच्या प्रेमापेक्षा मालकिणीकडच्या दुसऱ्या किल्लीकडे तुमचं लक्ष जास्त गेलं. त्या गोष्टीत सगळ्यात खरं काय आहे ते तुम्ही अचूक उचललंत.

ज्ञानेश्वरी जरूर वाचा. पण शिक्षा म्हणून नको. कोणी हसलं म्हणून हातात घेतलेल्या ग्रंथात मन लागत नाही, आणि त्या ग्रंथाचाही तो मान नव्हे. माझी आई सकाळी पोथी वाचायची आणि दुपारी वाचनालयातून मी आणलेली कादंबरी, उशी तीच, चष्मा तोच. तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि तिच्याकडे बघत वाढल्यामुळे मलाही वाटत नाही.

आता ट्रंकेतलं पत्र.

ते तुम्ही उगाच लिहिलं नाहीत. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं, म्हणून ते शेवटच्या दोन ओळींत आलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला मुलाखतीचं बोलावणं येतं आणि घरात हळदीची तयारी चाललेली असते. कोणी पत्र फाडलं नसेल, कोणी रागावलंही नसेल. 'आता काय करायचंय' असं कोणीतरी सहज म्हणालं असेल आणि विषय संपला असेल. तुम्ही मात्र ते घडी घालून ठेवलंत, सासरी येताना बरोबर आणलंत, आणि पस्तीसहून जास्त वर्षं प्रत्येक दिवाळीच्या आवराआवरीत ते परत त्याच जागी ठेवलंत. तुमचा संसार वाईट झाला असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. चांगल्या संसारातही न झालेल्या गोष्टीचं दुःख राहतं, आणि ते राहिलं म्हणून संसाराचा अपमान होत नाही. मृण्मयी त्या मुलाखतीला जाते. ती निवडली जाते. तिला पगार मिळतो आणि ती कुलूप आणते. तुम्ही पुढचं वाचायला ४९ रुपये भरलेत यात मला जराही नवल वाटत नाही.

त्या पत्राचं काय करावं हे मी सांगणार नाही. ते जपा किंवा कोणाला दाखवा, तुमचं आहे. पण एक काम नक्की करा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि तुम्ही त्याच गावात राहता. तिथे जाऊन सभासद व्हा. अर्ज स्वतःच्या हातानं भरा, नाव स्वतःचं घाला, अनामत आणि वर्गणी फॉल-बिडिंगच्या पैशांतून भरा. मुलाला ऑनलाइन काही करायला सांगू नका, यजमानांना अर्ज भरायला सांगू नका. जाऊन या. वाचनालयाच्या खिडकीशी उभं राहून बाई पहिल्यांदा आपलं नाव सांगते तेव्हा तिचा आवाज थोडा बदलतो, हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे.

तिथे गेलात की हव्या तेवढ्या प्रेमकथा आणा. आणि कधीतरी मन तयार असेल तेव्हा विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' मागा. १९३३ चं पुस्तक आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या कथा. तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. पुढे कळलं की त्या मालती बेडेकर. हे पुस्तक हलकं नाही, आधीच सांगते, माझी जुनी चूक परत करायची नाही. पण तुमच्या जन्माच्याही कितीतरी आधी मराठी मुली स्वतःच्या पगाराकडे आणि एकटेपणाकडे कशा बघत होत्या ते त्यात आहे. दहा पानं वाचा. नको वाटलं तर परत करून या, कोणी विचारणार नाही.

मुलाशी बोला. मोठं भाषण नको. तो एकटा असताना एवढंच म्हणा, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोललास ते मला लागलं." मग गप्प राहा. तो काहीतरी सारवासारव करेल, करू द्या. बहुतेक मुलांना आपली आई कधी एकोणीस वर्षांची होती हे सुचलेलंच नसतं, आणि ते त्यांना सांगावं लागतं. यजमानांचं मी तुमच्यावर सोडते, इतकी वर्षं त्यांच्याशी कधी आणि कसं बोलायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक.

आता सुनेबद्दल. तुमच्या पत्रातल्या याच एका वाक्याशी माझं पटलं नाही. ती चेष्टा करत होती असं तुम्ही धरून चाललात. पण सगळे हसले तेव्हा ती हसली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पाहुणे गेल्यावर, भांडी आवरताना, दुसरं कोणी ऐकत नसताना तिनं विचारलं. चेष्टा करणारं माणूस चारचौघांत करतं, त्याला ऐकणारे लागतात. माझ्या टेबलाशी असं हळू आवाजात नाव विचारणाऱ्या मुली पुष्कळ आल्या. त्यांना ते पुस्तक हवं असायचं.

आणि ताई, ती नोकरी करते. म्हणजे कधीतरी तिचाही पहिला दिवस झाला असेल, पहिला पगार हातात आला असेल. लग्नाआधी कदाचित तीही कुठे खोली घेऊन राहिली असेल, कदाचित नसेल. तुम्हाला माहीत आहे का? पत्रात त्याबद्दल काही नाही. दोन वर्षं दुपारी तुम्ही शहरात पहिली पावलं टाकणाऱ्या मुली शोधत होतात, आणि त्यातली एक रोज संध्याकाळी सात वाजता तुमच्या दारात चपला काढते. तिला विचारा, पहिल्या पगाराचं काय आणलं होतंस. भांडी आवरतानाच विचारा, ती वेळ तुम्हा दोघींना जमते असं दिसतंय.

ॲप परत घेता येईल, वाचलेले भाग बहुतेक तुमच्या खात्यावर तसेच असतील. मृण्मयीचं पुढे काय झालं ते वाचा. पण त्याआधी सुनेला त्या गोष्टीचं नाव सांगा. तिनं विचारलंय आणि तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमची,
ताई